न मोडलेला हात

नवीन पनवेलच्या आमच्या घरात आई न्हाणीत घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. काढल्यावर दिसलं की हाड सरकून वाकडं जुळलंय. पुन्हा मोडून आत धातूची पट्टी बसवायची, नाहीतर हा हात कामाचा राहणार नाही, आणि हे लवकर करायचं, असं डॉक्टर म्हणाले. त्यांच्या भिंतीवर सत्काराचे इतके फोटो होते की एक्स-रे बघायचा दिवा जेमतेम मावला होता. हाड रोज थोडं पोखरलं जातं आणि रोज थोडं भरलं जातं. म्हातारपणी पोखरणारे कामावर येतात, भरणारे दांडी मारतात, हे मात्र त्यांनी छान समजावलं.

आईने ऑपरेशनला साफ नकार दिला. तिला उरणच्या बाजूची एक हाड बसवणारी म्हातारी हवी होती.

"तुला कोणी सांगितलं तिच्याबद्दल?"

"सांगतात लोक."

त्या म्हातारीचं पितळ आईसमोर उघडं पडावं, म्हणून मी रिक्षा केली. कंटेनरच्या गाड्यांमधून वाट काढत गेलो. आम्हाला मुंबईहून इथे येऊन चार वर्षं झाली होती आणि आई कधी खाडीकडे फिरकली नव्हती. तरी शेवटचं वळण रिक्षावाल्याला तिने सांगितलं.

म्हातारी कोळीण होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिने आईचं मनगट मांडीवर घेतलं आणि बराच वेळ नुसती बोटं फिरवली.

"माज्यानं नाय व्हायचं, बाय. हाड हलकं झालंय, समुद्रफेसावानी. बांधलं तर आजून चुरंल. डाक्टरकडं जा."

मी तयार करून आणलेलं भाषण वाया गेलं. आईला उठवायला मी हात पुढे केला, तो म्हातारीने मधेच धरला. डावा. कोपराखाली तिची बोटं थांबली, मागे गेली, पुन्हा तिथेच आली.

"ह्यो बसवलेला हाय."

"माझा हात कधीच मोडला नाही, आजी."

"ल्हान पोराला काय ठावं? आयला इचार." मग, जरा खूश होऊन, "बरा बसलाय."

माझं वय तेव्हा एक्कावन्न. आई चप्पल पायात सरकवत होती. तिने वर पाहिलं नाही.

"चल, रिक्षावाला थांबलाय," ती म्हणाली.

रिक्षात मी विचारलं. ती कंटेनर बघत राहिली. घरी विचारलं. ती डाळ निवडत राहिली, डाव्या हाताने, एकेक दाणा.

पुढच्या खेपेला मी डॉक्टरांकडून माझ्याही हाताचा एक्स-रे काढून घेतला. स्वच्छ. ते म्हणाले, अगदी लहानपणी मोडलं असेल तर काही दिसणारच नाही. वाढतं हाड स्वतःला सरळ करून घेतं, जुनी खूण पुसून टाकतं. म्हणजे मोडला नव्हता याचाही पुरावा नाही. चाचपून कोणी ओळखणं मात्र अशक्य, थोतांड आहे सगळं, असं ते ठासून म्हणाले. मग दाराकडे एकदा बघून घेतलं आणि त्यांनी स्वतःच माझा हात कोपराखाली चाचपला.

"काही लागतंय का?" मी विचारलं.

"छे," असं म्हणून त्यांनी हात लगेच सोडला.

आई अजून नाहीच म्हणत होती आणि दिवस जात होते. त्या संध्याकाळी मी तिसऱ्यांदा विचारलं, "आई, माझा हात कोणी मोडला होता?"

कसा मोडला, असं विचारायचं होतं. तोंडातून ‘कोणी’ आलं.

तिने ताट बाजूला सारलं. माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अनोळखी माणूस घरात आल्यासारखं.

"ऑपरेशन करते मी," ती म्हणाली. "उद्या म्हणालास तर उद्या. पण हे परत कधी विचारायचं नाही."

मी हो म्हणालो. तिचा हात वाचायला हवा होता.

संमतीच्या कागदावर सही करणं तिला जमेना. नर्सने शाईचं पॅड पुढे केलं आणि माझ्या शिकलेल्या आईने डावा अंगठा उठवला. काय लिहिलंय ते वाचूनसुद्धा पाहिलं नाही.