किल्ली माझ्या कनवटीला

माझ्या सासरी एक नियम आहे. चाकं असलेली कुठलीही वस्तू थांबवली, की आधी किल्ली काढायची, मग दुसरं काम. मी लग्न होऊन यायच्या आधी कुणीतरी आमचा ट्रॅक्टर न विचारता नेला, स्वतःचं रान नांगरलं आणि मोकळी टाकी घेऊन परत आणून लावला. तेव्हापासून आमच्या देवघरात देवांपेक्षा किल्ल्या जास्त आहेत. माहेरी मी साध्या सायकलला कधी कुलूप लावलं नाही, पण इथे आले आणि सासरच्यांपेक्षा कडक झाले. नव्यानं आलेल्या माणसाला उत्साह जरा जास्तच असतो.

लेकीची बॅटरीवरची स्कूटर आली, तेव्हा तिलाही हाच नियम लागला. लेक बारा वर्षांची. जन्मापासून पायांत जोर नाही. भिंतीला धरून चार पावलं टाकते, त्यापुढचं सगळं स्कूटरवर. हँडलवर वेगाचं बटण आहे, एका टोकाला कासवाचं चित्र, दुसऱ्या टोकाला सशाचं. सशाकडे मी तिला आजवर जाऊ दिलं नव्हतं. ती कुठे थांबली की माझा हात आपोआप पुढे जातो, किल्ली निघते आणि कनवटीला बसते. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून. गाडीवर माझीच मुलगी बसलेली असते, एवढं मात्र ध्यानात येत नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत हायवेकडच्या मोठ्या पार्कात जायचं ठरलं. तिथल्या पाळण्यांचं, बोटींचं लेकीला फारसं कौतुक नव्हतं. तिचं मागणं एकच होतं, पार्काला एक पुरी फेरी मारायची, एकटीनं. आई मागे नको, मामा मागे नको. आमच्या गल्लीत खड्डे, गटार आणि रवंथ करणाऱ्या म्हशी, त्यामुळे एकटीनं कुठे जाणं तिला कधी मिळालंच नव्हतं. पार्कात सगळा गुळगुळीत सिमेंटचा रस्ता आहे, असं तिला वर्गातल्या मुलींनी सांगितलं होतं. मी हो म्हटलं. मी हो लगेच म्हणते आणि मग त्याला शेपूट जोडते. या वेळचं शेपूट असं, की आधी मी सगळं बघून घेणार.

बघून घेण्याचं मला व्यसनच आहे. ती तान्ही असताना दूध आधी माझ्या मनगटावर पडायचं. ती मोठी झाली तरी माझं मनगट काही सुकलं नाही. तिचे वडील फौजेत आहेत. ते फोनवर म्हणतात, एवढी तपासणी आमच्या गेटवरही होत नाही.

कडेगावचा माझा भाऊ पिकअप घेऊन आला. फळी लावून स्कूटर वर चढवली, पार्कात नेऊन उतरवली आणि मामाचं कर्तव्य संपलं असं समजून तो भेळेच्या गाड्याकडे गेला. लेकीनं विचारलं, जाऊ का? मी म्हटलं, थांब. समोर उंच पाळणा फिरत होता. वरून सगळा रस्ता दिसेल, कुठे उतार आहे, कुठे काय, ते नजरेखालून घालते, मग जा. माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढले तरी मला गरगरतं, पण आईपणाचा तोरा चढला की असलं काही आठवत नाही. दोन मिनिटांचं काम म्हणून स्कूटर तिथेच उघड्यावर थांबवली. हात पुढे गेला, किल्ली निघाली, कनवटीला बसली.

पाळणा वर गेला, मी बरोबर टोकाला पोचले आणि वीज गेली.

रस्ता छान दिसत होता. खड्डा नाही, उतार नाही, म्हैस तर नाहीच. मग खाली लेक दिसली, भर उन्हात. लिंबाची सावली थोड्याच अंतरावर होती, सावलीच्या कडेला पिण्याच्या पाण्याचा नळ. मला तिचाच राग आला. एवढी कशी आळशी ही पोरगी? मी वरून ओरडले, "अगं, सावलीत जा की."

तिनं मान वर केली आणि स्कूटरच्या हँडलवरच्या किल्लीच्या भोकाकडे बोट दाखवलं. माझा हात कनवटीला गेला. किल्ली तिथेच होती.

मी हाका मारायला लागले. बाई घाबरल्या असं वाटून खालचा माणूस सांगू लागला, की जनरेटर सुरू होतोय, डोळे मिटून बसा. शेजारच्या पाळण्यातल्या बाईंनी लांबूनच मला धीर दिला. मग मी डोकं चालवलं. किल्ली रुमालात बांधली, नेम धरला आणि फेकली. ती तिकिटाच्या खोलीच्या पत्र्यावर जाऊन पडली. किल्ली नसली की त्या स्कूटरची चाकं जाम असतात. दोघांनी ढकलून पाहिली, हलली नाही. कुणीतरी लेकीला उचलून सावलीत नेतो म्हणालं असावं, तिनं मान हलवून नको म्हटलं. कुणाकडे काही मागायचं नाही हा ताठा तिला माझ्याकडूनच मिळालाय.

मी खाली आले तोवर भाऊ शिडी लावून पत्र्यावर चढला होता. किल्ली मिळाली. लेकीचा चेहरा लालबुंद झाला होता. मी वीज, जनरेटर, पत्रा असं काहीबाही सांगत सुटले. तिनं ते सगळं ऐकून घेतलं.

"मला लय तहान लागली हुती," ती म्हणाली. "नळ तिथंच हुता."

मला रडू आलं. जवळ घ्यायला गेले तर तिनं हात पुढे केला.

"तुझी चप्पल दे."

"कशाला गं?"

"दे तर."

मी दिली. तिनं ती पुढच्या टोपलीत टाकली, किल्ली लावली, नळावर जाऊन पोटभर पाणी प्याली, बटण सशाकडे फिरवलं आणि निघाली.

मी सवयीनं मागे धावले. तिसऱ्या पावलाला तळपाय असे पोळले, की उड्या मारत सावलीतला बाक गाठला आणि पाय वर घेऊन बसले. भाऊ हसत म्हणाला, "आक्का, माझी घाल चप्पल." मी नको म्हटलं. घातली असती तर मागे गेले असते. तो पुन्हा भेळेकडे गेला आणि लेक वळणाआड दिसेनाशी झाली.

मी वळणाकडे डोळे लावून बसले. ओरडून ओरडून घसाही कोरडा पडला होता. नळ समोरच होता आणि मधे तापलेलं सिमेंट.

बऱ्याच वेळानं ती दुसऱ्या बाजूनं उगवली. केस विस्कटलेले, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. बाकाजवळ थांबली. माझा हात पुढे गेला तो मी मांडीखाली दाबून धरला.

"पानी आनू?" तिनं विचारलं.

मी मान डोलावली. तिनं माझ्या पिशवीतली रिकामी बाटली घेतली, नळावर जाऊन भरून आणली, माझ्या हातात दिली. चप्पल मात्र दिली नाही. अजून एक फेरी मारायची आहे म्हणाली.