इंजिन थंड असताना

रामटेकेभाऊंची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी माझ्या स्कूटरला पेचकस लावला म्हणून. गडचांदूरच्या शाळेत बदली होऊन मला जेमतेम चार दिवस झाले होते. सकाळी फाटकासमोर स्कूटर चालू ठेवून मी हेल्मेटच्या पट्ट्याशी झटापट करत होते. तेवढ्यात समोरच्या घरातून बनियन-पायजम्यातला एक उंच गृहस्थ हातभर लांब पेचकस घेऊन आला. तो सरळ उकिडवा बसला, पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवलं, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटून घेतले. मी घाबरून दोन पावलं मागे सरले.

"मॅडम, बंद करा," डोळे न उघडताच ते म्हणाले. "आतली बेरिंग रडून राह्यली."

"मला तर काही ऐकू येत नाही."

"तुमाले कशी आयकू येईल? तुम्ही दिवसभर पोट्ट्याईचा गोंगाट आयकता."

मला असा राग आला की विचारू नका. ओळख ना पाळख आणि हे काय बोलणं! मी ताडकन स्कूटर काढली आणि निघून गेले. तिसऱ्या दिवशी राजुऱ्याच्या रस्त्यावर ती बसली ती बसलीच. ट्रकांच्या धुळीत दीड किलोमीटर स्कूटर ढकलत आणली, आणि समोर ओसरीवर रामटेकेभाऊ! हसले नाहीत, एवढे उपकार. नुसते उठले आणि पाना घेऊन आले.

सिमेंटच्या कारखान्यात चुनखडी दळणाऱ्या मोठ्या मिलच्या देखभालीवर त्यांची अख्खी नोकरी गेली. घराएवढं ते यंत्र, त्याच्या आवाजात शेजारचा माणूस ओरडला तरी कळायचं नाही. त्या गदारोळात हा माणूस पेचकस लावून कोणती बेरिंग आजारी आहे ते सांगायचा. असल्या माणसाला छंद कसला असावा? भजनाचा, पत्त्यांचा, फार तर कोंबड्या पाळण्याचा. रामटेकेभाऊंना छंद होता जुन्या स्पोर्ट्स कारचा. दोन दारं, दोन सीट, जमिनीला टेकलेली गाडी. तरुणपणी कधीतरी कारखान्याच्या फाटकावर एका पाहुण्याची तसली गाडी येऊन थांबली होती. "मी डबा खाऊन राह्यलो होतो. आवाज आयकला आन घास तोंडातच राह्यला," असं ते सांगत. पुढे कितीतरी वर्षं सुट्टीच्या दिवशी बसने नागपूर, चंद्रपूर, कुठे कुठे जाऊन ते विकायला काढलेल्या गाड्या नुसत्या ऐकून येत.

रामटेकेवहिनींना हे सगळं म्हणजे वेडाचार वाटायचा. "घरात मानसं पाच आन गाडीत जागा दोन," त्या मला म्हणायच्या. "मॅडम, तुम्ही गनित शिकवता ना? याईले शिकवा जरासं."

शेवटी निवृत्तीच्या आदल्या वर्षी दोन गाड्या निवडीपर्यंत आल्या. दोन्ही एकाच मॉडेलच्या. एक नागपूरची, लालभडक, आरशासारखी. दुसरी चंद्रपूरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची, पिवळी, रंग उडालेली, छताचं कापड एका कोपऱ्यात शिवलेलं. मला बरोबर घेतलं, कारण मला शुद्ध बोलता येतं म्हणे! नागपूरला पोचलो तर विकणाऱ्याने गाडी बाहेर काढून, पुसून, फुलासारखी सजवून ठेवलेली. मी तर बघताक्षणी भाळले. भाऊंनी आधी बॉनेटवर तळहात ठेवला.

"इंजिन गरम काऊन आहे?"

"तुमच्यासाठी चालू करून ठेवलं होतं, काका."

"मंग बंद करा. थंड होऊ द्या. आमी बसतो."

आणि खरोखर बसलो की! समोरच्या टपरीवर तीन चहा झाले, माझं वर्तमानपत्र छोट्या जाहिरातींसकट वाचून झालं, विकणारा येरझाऱ्या घालून दमला. मी चिडून म्हटलं, "भाऊ, गरम काय, थंड काय, चालू तर होतेय ना?" ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, गरम इंजिन पाहुन्यासारखं गोड बोलते. थंड असताना जे बोलते, थे घरचं बोलनं." दोन तासांनी किल्ली फिरवली तर लाल सुंदरी खोकत, धूर ओकत उठली. भाऊंनी विकणाऱ्याला नमस्कार केला आणि आम्ही बस धरली. चंद्रपूरची पिवळी गाडी मात्र गार असताना पहिल्याच फटक्यात सुरू झाली. भाऊ पेचकस लावून इतका वेळ बसून राहिले की डॉक्टरांना वाटलं यांना झोप लागली.

गाडी घरी आली आणि आमच्या गल्लीचं वेळापत्रक बदललं. स्पीडब्रेकर आला की भाऊ ती तिरपी घालायचे, एकेक चाक चढवत, आणि मला आधी खाली उतरवायचे. चाळीसच्या पुढे काटा जायचा नाही. एकदा मी चिडवलं, "एवढी पळणारी गाडी घेतलीत आणि चालवता बैलगाडीसारखी!" ते म्हणाले, "ताकद असली म्हनजे पळालंच पाह्यजे असं कुठी आहे, मॅडम? ताकद आहे हे तिले मालूम आहे, मले मालूम आहे. बस झालं." वहिनी मात्र तिच्यात एकदाही बसल्या नाहीत. एवढ्या खाली बसलं की उठताना गुडघे बोलतात, म्हणायच्या.

गडचांदूरला राहायचं म्हणजे सिमेंटची भुकटी आलीच. वाळत घातलेल्या कपड्यांवर, तुळशीच्या पानांवर, सगळीकडे. भाऊ रोज सकाळी पंपाने हवा मारून गाडीवरची भुकटी उडवायचे, फडकं कधी लावायचे नाहीत. ते मी रोज पाहत होते, पण पाहणं आणि डोक्यात शिरणं वेगळं. एकदा ते आणि वहिनी लग्नाला म्हणून दोन दिवस नागपूरला गेले. मी म्हटलं, माणसाने आपल्यासाठी इतकं केलं, आपण त्याची गाडी धुऊ. नळी लावून पाणी मारलं, वरून ओलं आच्छादन घातलं आणि उन्हात सोडून दिली. शाबासकीची वाट पाहत बसले.

भाऊ आले, आच्छादन काढलं, नखाने टकटक करून पाहिलं. काचेखालच्या खाचांत, दारांच्या फटीत, छताच्या शिवणीत भुकटी दगड होऊन बसली होती.

"मॅडम," ते म्हणाले, "तुमी तं गाडीवर स्लॅब टाकली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाऊंनी चिंच भिजत घातली. पितळेची भांडी घासायला घेतो तीच. चिंचेचं पाणी बोळ्याने लावायचं, जरा थांबायचं, हलकेच पुसायचं, लगेच धुऊन काढायचं. चार रविवार आम्ही दोघं तेच करत होतो. मी मागच्या चाकाशी बसून सतत क्षमा मागत होते, काहीबाही विचारत होते. त्यांची माझ्याकडे पाठ. उत्तर नाही. तिसऱ्या रविवारी मला रडूच फुटलं. बोळा टाकून मी ओसरीवर वहिनींकडे गेले. "एवढा राग? एक शब्द बोलत नाहीत हो माझ्याशी!"

वहिनींनी हातातलं सूप खाली ठेवलं. "रागावले नाई हो थे. त्याईले आयकूच येत नाई."

नागपूरला लग्न नव्हतंच. कानांच्या डॉक्टरकडे गेले होते. मिलने तीस-बत्तीस वर्षांत कान खाल्ले होते. समोर बसलं की ते ओठांवरून समजून घेत, म्हणून मला पत्ताच लागला नाही. डॉक्टरांनी दिलेलं कानाचं मशीन शर्टाच्या खिशात पडून असायचं. "त्याच्यातून सगळ्या गाड्या सारख्याच वाजतात," भाऊ म्हणाले, आणि त्याच दमात, "गाडी विकून टाकतो. ज्याले आयकू येत नाई त्यानं गाडी ठेवाची नाई. एखाद्या दिवशी तिले काही दुखलं, आन मी तसाच चालवत राहीन." त्यांच्या तोंडावर काही दिसलं नाही, पण त्या दिवशी त्यांनी हवा मारली नाही.

गिऱ्हाईक आलं चंद्रपूरहून. चांगला, हौशी माणूस. भाऊ मला म्हणाले, "मॅडम, जवळ उभ्या राहा. तुमाले जे आयकू येईल थे मले सांगा." गाडी सुरू झाली. गिऱ्हाईक खूश! मला मात्र घरघरीच्या आत कुठेतरी बारीक टिकटिक ऐकू आली. क्षणभर वाटलं, गप्प बसावं. जाऊ दे गाडी नीट चांगल्या घरी, म्हाताऱ्याच्या जिवाला कशाला घोर? पण भाऊ माझ्या तोंडाकडे पाहत होते आणि त्यांच्याशी खोटं बोलायची माझी छाती नव्हती. मी म्हटलं, "टिकटिक येतेय. घड्याळासारखी."

भाऊंनी पेचकस काढला. टोक इंजिनावर टेकवलं आणि लाकडी मूठ कानाला न लावता दातांत घट्ट धरली. डोळे मिटले. पेचकस एका जागेवरून दुसरीकडे सरकत राहिला. मग एका ठिकाणी थांबला आणि त्यांच्या डोळ्यांच्या कडेने पाणी आलं. मूठ तोंडातून काढून ते गिऱ्हाइकाला म्हणाले, "माफ करा भाऊ. गाडी आज विकाची नाई. आतली टॅपेट ढिली होऊन बोलून राह्यली." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, समजते! दातातून समजते!" हा साठीचा माणूस असा नाचायचाच बाकी होता. मी काय, मी तर भर गल्लीत रडले.

तेव्हापासून ठरलं: मी ऐकायचं, त्यांनी दातांनी शोधायचं. पुढे माझी बदली मुलचेऱ्याला झाली, तर भाऊंनी मोबाईल हाती घेतला. दर रविवारी सकाळी इंजिनाच्या आवाजाचं रेकॉर्डिंग यायचं आणि खाली लिहिलेलं असायचं, "आयका आन लिहा." मी ऐकायची आणि लिहायची: ठीक आहे, जरा घरघर जास्त, आज उजवीकडून शिट्टी. एका रविवारी घाईत होते म्हणून न ऐकताच "ठीक" लिहिलं. लगेच उत्तर आलं, "न आयकता लिहू नका." कसं कळलं त्यांना, देव जाणे.

गेल्या उन्हाळ्यात भाऊ गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी गेले होते. गाडी आच्छादनाखाली होती, त्यावर भुकटीचा पातळ थर. मला ती उडवायचंही सुचलं नाही. परत आले आणि रविवार आला की फोन उपडा ठेवायला लागले.

पाचव्या रविवारी फोन वाजला. भाऊंच्याच नंबरावरून रेकॉर्डिंग आलं होतं. मी ते लावलं. आधी दार बंद झाल्याचा आवाज, मग किल्ली, मग ती ओळखीची घरघर. मी श्वास धरून शेवटपर्यंत ऐकली. टिकटिक नव्हती. इंजिन बंद झालं आणि अगदी जवळून वहिनींचा आवाज आला.

"मॅडम, मी आत बसली आहे. आयका आन लिहा, मले यातलं काही समजत नाई. पन चालू कराच्या आधी हात लावून पाह्यला मी. इंजिन थंडच होतं."