वारा पडल्यानंतरचं पाणी

जुमाश गेला त्या सकाळी इस्सिक-कुल सरोवर अगदी शांत होतं. आदले काही दिवस घोंघावणारा सान्ताश वारा नुकताच पडला होता. पर्यटकांना पाण्याखाली फिरवणाऱ्या कापारबेकची होडी बुडाली होती. तिला दोर बांधायला त्याने आपल्याकडे कामाला असलेल्या जुमाशला पाणबुड्याच्या पातळ पोशाखात खाली सोडलं. वर आलं ते प्रेत.

"प्यायलेला होता," कापारबेकने गावभर सांगितलं. जुमाश अधूनमधून प्यायचा, त्यामुळे सगळ्यांना पटलं. त्याच्या आईलाही. तो जाऊन वर्ष झालं तेव्हाच्या जेवणाला तिने रीतीप्रमाणे घोडा कापू दिला नाही. "दारुड्यासाठी कशाला?"

त्याची बायको उल्कान माझी शेजारीण. "सकाळी मीच चहा दिला, तोंडाला वास नव्हता," हे ती सांगून सांगून थकली. शेवटी गुडघ्याच्या वर कधी पाण्यात न गेलेली ही बाई पलीकडच्या किनाऱ्यावर जाऊन पाठीला हवेची टाकी लावून बुडी मारायला शिकली. आमच्या बायका हसल्या, "काय गं, जुना नवरा शोधतेस की नवा?"

एकदा असाच वारा पडल्यावर ती उतरली. वर कोमट पाणी. दोन पुरुष खोल गेली नाही तोच सुरीने कापल्यासारखं ते संपलं आणि बर्फासारखं पाणी अंगाला भिडलं. जाड पोशाखातही तिचा श्वास अडकला. तिला वर घेऊन शिकवणारा म्हणाला, "हा थर एरवी खूप खोल असतो. वाऱ्याने वरचं पाणी ढकललं की गार पाणी वर चढतं. त्यात तोंडातलं श्वासाचं यंत्र गोठलं, तर टाकीतली हवा भसाभस निघून जाते."

ती तडक कापारबेककडे गेली. "तुला हे माहीत होतं?"

"होतं," तो नळी गुंडाळत म्हणाला. "जाड पोशाख पाहुण्यांना दिले होते. जुमाशच म्हणाला, पटकन येतो."

"मग दारूचं का सांगितलंस?"

"काहीतरी सांगावं लागतं, वहिनी."

घरी सासू दह्याच्या गोळ्या वळत होती. उल्कानने सगळं सांगितलं. म्हातारीचे हात थांबले.

"म्हणजे तो शुद्धीत होता?"

"हो, आई."

"आणि मी एकदाही त्याच्या कबरीवर गेले नाही." तिने हातातली गोळी परातीत टाकली. मग म्हणाली, "कशाला गेलीस पाण्यात? कुणी सांगितलं होतं तुला?"

त्या दिवसापासून ती सुनेशी बोलत नाही. कापारबेक रस्त्यात भेटला, तर मात्र थांबून त्याच्या मुलाबाळांची चौकशी करते.