नागसेनभाऊंची तीन मिलिमीटरची चूक

चिखलीतल्या आमच्या गल्लीत नागसेनभाऊंनी कापलेला पत्रा कधी अडकत नाही. कडेला तीन मिलिमीटर मोकळे ठेवायचे, म्हणजे हातोडी न मारता तो अलगद बसतो, ही त्यांची अठ्ठावीस वर्षांची सवय. तिचा अभिमान इतका की चहा पितानाही ऐकवतील. शेजारी माझं लेथचं दुकान, त्यामुळे सगळ्यात जास्त मीच ऐकलंय.

त्यांची मुलगी मिनल गणितात पीएचडी करते. समुद्राच्या लाटेपुढे तळापर्यंत न पोचणारी पातळ भिंत उभी केली, तर किती लाट परत फिरेल आणि किती पलीकडे जाईल, याचं सूत्र तिने मांडलं. ते पडताळायला भाऊंनी शेडमध्ये काचेची लांब, अरुंद टाकी बांधली आणि मधोमध पत्र्याची पाटी वरून पाण्याच्या अर्ध्या खोलीपर्यंत सोडली. पाटी नेहमीसारखी अलगद बसली. सूत्र म्हणे, पलीकडे लाटेची तीस टक्के उंची उरावी. टाकी म्हणे, पंचेचाळीस!

तीन आठवडे पोरगी वह्या उपसत होती. सोमवारी तिचे सर येणार होते. आकडा जुळला नाही, तर दोन वर्षांचं काम प्रबंधातून काढायचं ठरलं होतं. तिचा उतरलेला चेहरा बघून माझंच डोकं फिरलं.

"भाऊ, समुद्र चिखलीत आणायची काय गरज होती?" मी बोलून गेलो.

रविवारी त्यांनी पत्र्यावर खुणा करायचा खडू कुटला, पाण्यावर भुरभुरला आणि मिनलला लाट सोडायला सांगितलं. पांढरी भुकटी पाटीच्या दोन्ही कडांनी सुळकन पलीकडे गेली. तिथे तीन-तीन मिलिमीटरची फट होती. सूत्रात ती नव्हतीच.

"पोरी, गणित तुझं बरोबर आहे," भाऊ म्हणाले. "माप माझं चुकलंय."

गाडीच्या दाराला लावतात ते रबर आम्ही दोन्ही कडांना घट्ट बसवलं. मिनलने लाट सोडली, मोजली, पुन्हा मोजली. एकतीस! दहा वेळा केलं, तरी आकडा तीस-एकतीसच्या वर जाईना. मी चक्क शिट्टी मारली.

सोमवारी सरांनी सगळं तपासलं, प्रबंधातलं ते प्रकरण ठेवायला सांगितलं आणि विचारलं, "मग इतके दिवस चूक कुणाची होती?"

"माझी!" भाऊ छाती फुगवून म्हणाले.

संध्याकाळपर्यंत ते गल्लीतल्या प्रत्येक दुकानात जाऊन सांगून आले, "चूक माझी होती, पोरीची नव्हती." माझ्याकडे तर तीनदा आले, आणि तिन्ही वेळा मी पहिल्यांदाच ऐकतोय असं दाखवलं.