मुकी मारबत

आधी माफी मागतो. नर्सिंगची परीक्षा नुकतीच पास झालेल्या तुम्हा सगळ्यांसाठी चार शब्द लिही, असं प्राचार्यबाईंनी सांगितलं तेव्हा मी नाहीच म्हणणार होतो. मी तुमच्याहून थोडाच पुढे आहे. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नाही, आणि लिहिणं हे मोठ्या माणसांचं काम असं मला अजूनही वाटतं. त्यातून मी लिहिणार ते देवाविषयी, आणि त्या बाबतीत माझा अधिकार आणखीच कमी. पण पहिल्या नोकरीवर जाणाऱ्यांना सांगण्यासारखी माझ्यापाशी ही एकच गोष्ट आहे.

आमचं गाव नरखेड तालुक्यात, संत्र्याच्या बागांमधलं. नर्सिंगला नाव घातलं तेव्हा शेजारचे काका पारावर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "काहून गा, पोरीइचं काम शिकून राह्यला का तू? उद्या पाळणाबी हालवशीन!" माणसं हसली, मीही हसलो. घरात देवीचं ठाणं आहे. रोज तिच्यापुढे हात जोडून शाळेत जाणारा मी, नागपूरला आल्यावर हळूहळू ते विसरलो. देवीशी भांडण नव्हतं. रक्त, हाडं, जंतू यांचा अभ्यास करताना तिच्याशी काय बोलावं तेच सुचेना.

पास झाल्यावर जुन्या शहरातल्या एका दवाखान्यात लागलो. तिथे वामन आला. माझ्याच तालुक्यातला, माझ्याच वयाचा, नवं लग्न झालेला. बागेत संत्र्याच्या झाडाचा काटा पायात मोडला आणि त्याने तो तसाच राहू दिला. धनुर्वात झाला. दातखीळ बसली, पाठ धनुष्यासारखी वाकू लागली. या रोगात आवाज हा वैरी असतो. दार आपटलं, भांडं पडलं, नुसता उजेड डोळ्यावर आला तरी झटका येतो, आणि एखाद्या झटक्यात श्वासच अडकतो. म्हणून आमच्या मोठ्या सिस्टरांनी त्याला कोपऱ्यातल्या अंधाऱ्या खोलीत ठेवलं. दाराच्या बिजागरीत तेल घातलं, खिडकीला घोंगडी लावली, आणि आम्हाला चपला बाहेर काढायला लावल्या. नाकातल्या नळीने दूध, इंजेक्शन, कूस बदलणं, सगळं एकदम उरकायचं आणि मग त्याला एकटं सोडायचं. हात लावण्याआधी कानाशी हळूच सांगायचं, "वामन, मी हात लावतो आहे." कारण तो शुद्धीवर होता. त्याला सगळं कळत होतं.

त्याची माय व्हरांड्यात बसून असे. एकदा तिने मला थांबवलं. "बापू, टाळ नाही, घंटी नाही, देवाचं नाव तरी घेऊ दे ना मोठ्यानं."

"नाही माय. मनातल्या मनात घ्या."

"मनातलं त्याले आयकू जाते का गा?"

परीक्षेत नापास झाल्यासारखा मी तिथून निघालो.

पोळा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, म्हणजे बाईचा मोठा पुतळा, आणि तिच्याबरोबर बडग्या नावाचा पुरुषाचा पुतळा. रोगराई, इडापिडा सगळी तिच्यावर घालायची, ढोलताशे पिटत, ओरडत तिला गावाबाहेर न्यायची आणि जाळायची. मोठ्या मारबती ठरलेल्या रस्त्यांनी जातात, त्यांची आम्हाला काळजी नव्हती. पण मोहल्ल्यामोहल्ल्याच्याही लहान मारबती असतात, आणि त्यातली एखादी आमच्याच गल्लीतून जाईल हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्या सकाळी आम्ही वामनला दूध देत होतो आणि ढोल ऐकू आले. दूर होते, पण जवळ येत होते. वामनच्या जबड्याचा स्नायू थरथरला. सिस्टरांनी त्याच्या कानांवर कापूस आणि त्यावर आपले तळवे ठेवले, आणि ओठांनीच मला म्हणाल्या, "जा. थांबव."

मी अनवाणीच पळालो. फाटकाबाहेर गल्ली भरून माणसं नाचत होती. "रोगराई घेऊन जा गे मारबत!" मी ओरडलो, हात हलवले. कुणी माझ्या तोंडाला गुलाल फासला. एक जण माझा पांढरा युनिफॉर्म पाहून म्हणाला, "अबे, हा पाहा, यंदाचा बडग्या चालत आला! घ्या रे याले गाडीवर!" हशा पिकला. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. शेवटी मी मारबतीच्या गाडीपुढे रस्त्यात बसलो आणि हात जोडले. कुणाला जोडले ते आजही सांगता येत नाही. समोर ती कागदाबांबूची बाई होती, आणि मनात मी इतकंच म्हणालो, माझं सगळं करून झालं, आता तू पाहा.

पुढचा ढोलवाला खाली वाकला. आडदांड माणूस, अंगभर गुलाल. "काय झालं गा भाऊ?"

"आत एक जण आहे. धनुर्वात. आवाजानं जीव जाईल त्याचा."

त्याने ढोलाच्या कातड्यावर पंजा पसरून ठेवला आणि दुसरा हात वर केला. एकेक ढोल, एकेक ताशा थांबला. मागे वळून तो दबक्या आवाजात म्हणाला, "जे सांगाचं ते मनात सांगा रे तिले. आयकते ते." गाडीचं चाक कुरकुरत होतं, तर पोरांनी मारबत उचलून खांद्यावर घेतली. शेदोनशे माणसं नुसते ओठ हलवत दवाखान्यावरून गेली. फाटकाशी वामनची माय डोळे मिटून उभी होती. पार कोपऱ्यापलीकडे गेल्यावर ढोल पुन्हा सुरू झाले, आणि तोवर ते फार लांबचे झाले होते.

खोलीत परतलो. झटका आला नव्हता. सिस्टरांचे तळवे अजून तिथेच होते. त्या ढोलवाल्याला मी नंतर त्या मोहल्ल्यात शोधलं. कुणी म्हणे तो बाहेरगावचा, कुणी म्हणे असा कुणी नव्हताच. मी त्यावर वाद घालत नाही.

तुम्हाला सांगायचं ते एवढंच. हातात असेल ते सगळं करा. दाराची बिजागरीसुद्धा सोडू नका. पण पेशंट आपण वाचवतो असं समजू नका, त्या ओझ्याने हात कापतात. सगळं करून झाल्यावर हात जोडायला लाजू नका, आणि नातेवाइकांना तर कधीच लाजवू नका.

वामन तेव्हा बरा झाला नव्हता. झटके चालूच होते, आणि तशात माझी सरकारी नेमणूक चांद्याकडच्या एका लहान दवाखान्यात झाली. त्याचे पाय चेपून, कानाशी "येतो" म्हणून मी निघालो. नागपूरहून येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचो, कुणाला काही माहीत नसायचं. विचारण्याचीही पुढे भीती वाटू लागली. खोलीतल्या देवीच्या तसबिरीपुढे आता रोज बसत होतो, पण त्याचं नाव घेऊन काही मागत नव्हतो. तिला ठाऊक होतं.

थंडी सरता सरता मोठ्या सिस्टर लसीकरणाच्या कामासाठी आमच्याकडे आल्या. जीपमधून उतरल्या, माझं तोंड पाहिलं, आणि मी विचारण्याआधीच म्हणाल्या, "अरे, वामन घरी गेला. मी समोर बसून पाहिलं, त्याच्या मायनं आणलेली ज्वारीची भाकर त्यानं स्वतःच्या दातांनी चावून खाल्ली."