राक्षसांची पाटी

दारापुढं नळासाठी चारी खणत्यात. त्या वल्या मुरमाचा वास आला की मला माझी आई दिसती.

मी सात-आठ वर्साची असंन. दुष्काळ पडला हुता, म्हणून आमी करमाळ्याकडं सडकंच्या कामावर गेलो हुतो. बापे मुरूम खणायचे, बाया पाटीनं वाहून न्यायच्या. शेजारीच एक टेकडी हुती. समदी म्हणायची, लई आदी हितं राक्षस हुते, त्यांनी तळं खणलं आन् शेवटाला एक पाटी झटकली, तीच ही टेकडी. आमाला ते खरंच वाटायचं.

दुपारी आई पाटी उचलाया गेली आन् तशीच खाली बसली. मुकादम वरडला, "ए बाई, ऊठ, न्हायतर नाव कमी करतो."

मी सावलीला भाकर खात बसले हुते. मला तिची लाज वाटली. मी मोठ्यानं म्हणलं, "आये, राक्षसांनी येका पाटीत टेकडी केली की! तुला येवडीशी उचलंना व्हय?"

बाया हसल्या. मुकादमबी हसला. आईबी हसली. म्हणली, "राक्षसांच्या मागं पोरं नसत्याल, बाय." आन् गुडघ्यावर हात रेटून उठली, पाटी डोक्यावर घेतली.

टेकडी अजून हाय. राक्षसांची गोष्ट मी माझ्या पोरांना कदी सांगितली न्हाय. तवा मी जी भाकर खात हुते, ती आईच्या वाटणीची हुती. माझी मी सकाळीच खाल्ली हुती.