रोज एक, तीही घरातच

आमच्या नाटक कंपनीत सगळ्यात जास्त शब्द ज्या माणसाने उच्चारले, त्याला प्रेक्षकांनी कधी ऐकलंच नाही. ते आमचे प्रॉम्प्टर. डाव्या विंगेत एका लंगड्या स्टुलावर, मांडीवर संहिता आणि हातात पेनएवढा टॉर्च घेऊन ते बसायचे आणि ज्याची गाडी अडेल त्याला पुढचा शब्द पुरवायचे. तीस वर्षं त्यांनी हेच केलं. आम्ही त्यांना कुजबुजराव म्हणायचो. पुढे पुढे घरीही ते त्याच आवाजात बोलायला लागले. भाजीवाल्याला तर त्यांचं बोलणं कधीच पहिल्यांदा ऐकू गेलं नाही.

त्यांचा एक नियम होता. नट अडला की लगेच शब्द द्यायचा नाही, एक श्वास थांबायचं. "त्याचं त्याला आठवू दे," ते म्हणायचे. "लगेच दिला की तो जन्मभर विंगेकडे बघत बसतो." एकदा दुसऱ्या अंकात मी माझ्या नवऱ्याचं नाव विसरले. नाटकातल्या नवऱ्याचं; खऱ्याचं विसरायची सोय नव्हती. तो एक श्वास मला वर्षभराएवढा वाटला, पण नाव आठवलं ते माझं मलाच. रंगमंचावर हा नियम सोन्यासारखा होता. घरी त्याने काय केलं, ते सांगते.

कुजबुजरावांच्या घरी मोजून तीन माणसं. वहिनी शाळेचे गणवेश घरी शिवायच्या, उसवलेले नीट करून द्यायच्या. त्यांचा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असा. आणि एकुलती एक मुलगी, सोळा वर्षांची. एका जागी ठरत नसे म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं होतं.

एका दुपारी आमची तालीम चालू असताना वहिनी हातात शाळेचा स्कर्ट घेऊन थेट हॉलमध्ये आल्या. स्कर्टच्या खिशाला वाटाण्याएवढं भोक होतं, कडा तपकिरी.

"अहो, हे बघा!" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "भिंगरी म्हणते, खिळ्याला अडकून फाटला. मला शिकवते! फाटलेलं भोक कुठलं आणि विस्तवाचं कुठलं, हे मी झोपेत सांगेन. पोरगी सिगरेट ओढतेय."

तालीम थांबली. नाटकवाल्यांना दुसऱ्याच्या घरातला प्रवेश नेहमीच जास्त आवडतो. आमचे खलनायक म्हणाले, "दोन ठेवून द्या कानाखाली." व्यवस्थापक म्हणाले, "पैसे देणं बंद करा, आपोआप सुटेल." कुजबुजराव स्कर्ट हातात घेऊन भोकातून बोट आतबाहेर करत उभे होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, "लपून ओढण्यापेक्षा डोळ्यांसमोर ओढू द्या. चोरीची मजा गेली की सवयही जाईल."

हे बोलताना माझ्या हातात पेटलेली सिगरेट होती. भूमिकेसाठी सुरू केली होती. भूमिका संपून अकरा वर्षं झाली होती.

"तुमची गेली का, ताई?" वहिनींनी विचारलं.

सगळे हसले. मीही हसले, चांगली मोकळी, मान मागे टाकून. आजही त्या हसण्याचा मला संताप येतो. ते नसतं तर कुजबुजराव कदाचित बायकोचं बोलणं मनावर घेते. पण मी हसले, आणि माझं वाक्य टाळी पडल्यासारखं हॉलमध्ये राहिलं.

त्या संध्याकाळी त्यांनी संहितेवर खुणा करायच्या पेन्सिलीने एका कागदावर नियम लिहिले. रोज एक, तीही घरातच. सहा वाजता, मागच्या गॅलरीत, दार लावून. पाकीट बाबांच्या कपाटात. आणि ती ओढत असेल तोवर बाबा शेजारी बसणार. हा शेवटचा नियम त्यांच्या मते हुकमाचा पत्ता होता. बाप मांडीला मांडी लावून बसला की कुठल्या मुलीला झुरका गोड लागेल? आठवड्यात लाजेल, पंधरा दिवसांत सोडेल. आपण फक्त एक श्वास थांबायचं.

वहिनींनी स्वयंपाकघराचं दार धाडकन लावून घेतलं. "धूर तिकडे जाऊ द्या," त्या आतून म्हणाल्या, "अक्कल आधीच गेलीय."

पहिले चार दिवस भिंगरी खरंच लाजली. बापाकडे पाठ करून भराभर ओढायची आणि पळायची. पाचव्या दिवशी तिने खुर्ची वळवली. आणि बोलायला लागली.

भूमितीचे सर केसांचा टोप घालतात आणि वारा सुटला की फळ्याला चिकटून उभे राहतात, हे तिने सांगितलं. जिवलग मैत्रिणीने परीक्षेत तिचं बघून लिहिलं आणि मार्क मात्र मैत्रिणीलाच जास्त पडले, हे सांगताना रडली. मोठेपणी बोटीवर काम करायचंय, म्हणाली. बोट तिने फक्त कॅलेंडरवर पाहिली होती. तीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं ऐकणाऱ्या माणसाला पहिल्यांदा कुणीतरी आपण होऊन, न लिहिलेलं काही सांगत होतं. दुसऱ्या दिवशी विंगेत ते मला ते सगळं पुन्हा ऐकवायचे. चेहरा असा उजळलेला असायचा की टॉर्चची गरज पडू नये.

"बाई, तुमचा सल्ला लाखाचा होता," ते म्हणाले. मी मान डोलावली. सिगरेट सुटतेय का, हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

ती सुटत नव्हतीच. सकाळी दात घासताना पोरगी खोकायला लागली. चाचणी परीक्षा आली तेव्हा एकाच्या दोन झाल्या. अभ्यासाचा ताण असतो, म्हणून कुजबुजरावांनीच कपाट उघडून दिलं. वहिनी दर दोन दिवसांनी विचारायच्या, "पंधरा दिवस कधी होणार हो तुमचे? मला कॅलेंडरवर दाखवा." तीन महिने झाले होते.

मग ती संध्याकाळ आली. भिंगरी शाळेतून आली ती दप्तर टाकून पलंगावर आडवी झाली, भूगोलाचं पुस्तक तोंडावर घेऊन. सहा वाजले. कुजबुजराव गॅलरीत दोन खुर्च्या मांडून बसले. सव्वासहा झाले तरी ती आली नाही. ते आत गेले.

"अगं, येतेस ना?"

"आज नको, बाबा. घसा दुखतोय."

ते कपाटापाशी गेले, पाकीट काढलं, एक सिगरेट अर्धी बाहेर सरकवून तिच्यासमोर धरली आणि म्हणाले, "अर्धी तरी ओढ. चल ना."

वहिनी तिथेच मशीनवर होत्या. मशीन थांबलं. जी बाई सुई हरवली तरी अख्ख्या इमारतीला कळवते, ती एक शब्द बोलली नाही. नुसती नवऱ्याच्या हाताकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या घरी आले. दारातच म्हणाले, "बाई, मी तिला आग्रह केला. पानात वाढताना करतात तसा."

मी त्यांना बसवलं. पाणी दिलं. ते पाण्याचा पेला धरून बोलत राहिले. "मला तिची सिगरेट नको होती हो. ती दहा मिनिटं हवी होती. पण सिगरेटीशिवाय ती मागायची कशी, हेच मला सुचेना. आणि काल तर ती स्वतः नको म्हणत होती! स्वतः! मी तीन महिने ज्याची वाट बघतोय ते समोर आलं, आणि मीच…"

मग मी नटीने करू नये ते केलं, स्वतःला वाचवणारं वाक्य टाकलं. "कुजबुजराव, माझा सल्ला इतका मनावर घ्यायचा नसतो."

"मग दिलात कशाला?" ते ओरडले. हो, ओरडले. तीस वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता. खाली जिन्यात कुणीतरी थबकलं.

त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी पाकीट चुरगाळून केराच्या डब्यात टाकलं आणि मुलीला सांगितलं, "आजपासून बंद."

"का?"

"मी चुकलो."

"चुकलात तुम्ही, तर सोडायची मी का?" भिंगरी म्हणाली. "काल तर म्हणत होतात, अर्धी तरी ओढ."

या प्रश्नाला उत्तर नाही. मी वर्षानुवर्षं शोधतेय. त्यांनी "घशासाठी" म्हणून पाहिलं, "आईसाठी" म्हणून पाहिलं. ती भुवया उंचावून ऐकत राहिली. मग ती शाळेमागच्या सायकल स्टँडवर ओढायला लागली, मैत्रिणींबरोबर. गॅलरीत सहा वाजता दोन खुर्च्या आणि एक माणूस. ते तिला बोलवायचे, "नुसतीच बस की थोडा वेळ." ती म्हणायची, "नुसतं बसून काय करायचं?"

मी आता म्हातारी झाले. सिगरेट सोडली, फुफ्फुसांनी सोडायला लावली. पण अजून कुणाच्या दिवाणखान्यात बसलं की एखादे शिकलेले आईवडील मोठ्या उदारपणे म्हणतात, "आम्ही मुलाला सांगितलंय, ओढायची तर घरात ओढ." आणि शेजारचे माना डोलावतात. मला हातातला कप भिरकावावासा वाटतो. अहो, माझं वाक्य आहे ते! इतकं वाईट वाक्य इतकं टिकेल असं वाटलं नव्हतं. देऊ नका परवानगी. नाही म्हटल्याने पोरं थांबतात असं मी म्हणत नाही; बरीचशी थांबत नाहीत. पण चोरून ओढणाऱ्या पोराला निदान एवढं ठाऊक असतं की घरात कुणाला तरी हे चालणार नाही. भिंगरीला ते ठाऊक असण्याची सोय आम्हीच काढून घेतली. वहिनींना चालत नव्हतं, पण त्यांना आम्ही हसून गप्प केलं होतं.

पुढे एक दिवस, दोनेक महिन्यांनी, भिंगरी आपण होऊन गॅलरीत आली. खुर्चीवर बसली नाही, उंबऱ्यावर टेकली. तोंडात पेपरमिंटची गोळी होती.

कुजबुजराव म्हणाले, "ओढून आलीस?"

"एकच. तुम्हाला कसं कळतं हो?"

"पेपरमिंट कोण उगाच खातं? उद्या न ओढता ये."

"म्हणजे आज जाऊ?"

त्यांनी मला नंतर सांगितलं, की तिथे "हो, जा" म्हणायचं हे त्यांना पक्कं माहीत होतं. कित्येक रात्री घोकून ठेवलं होतं. पण तोंडून निघालं, "बस." ती बसली. रसायनशास्त्राच्या बाईंबद्दल काहीतरी मजेदार सांगत होती, हातवारे करून. "आणि बाई, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. पूर्वी धूर असायचा तरी सगळं ऐकू यायचं. आता नुसता वास येत होता."

त्यानंतरही ती अधूनमधून यायची, ते दर वेळी "नको ओढूस" म्हणायचे, ती दर वेळी "हो" म्हणायची. शाळा संपली आणि ती दूरच्या शहरात शिकायला गेली. बोटीचं नाही, हिशेबाचं; पुढे तिथेच नोकरीला लागली. कुजबुजरावांचे आता दात गेलेत, कुजबुजही धड कळत नाही. दर रविवारी संध्याकाळी वहिनी फोन लावून देतात. ते नोकरीचं विचारतात, जेवणाचं विचारतात, आणि मग विचारतात, "ओढतेस का गं?"

"नाही, बाबा."

मागच्या रविवारी मी तिथेच होते. त्यांनी फोन कानापासून दूर केला, हातात धरून त्याच्याकडे बघत राहिले आणि चिडून मला म्हणाले, "आता मी कसं ओळखू, सांगा. फोनला वास येत नाही."